कुत्र्या-मांजरांच्या दातांची दवाखान्यातली सफाई: पहिल्या तपासणीपासून टाके विरघळेपर्यंत

कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं धरून चालणाऱ्या घरांतली जनावरं दातांसाठी सगळ्यात उशिरा दवाखान्यात पोचतात. निरोगी तोंडाला नुकत्याच खाल्लेल्या अन्नाचा वास येईल, पण सडका वास येणार नाही. तो येत असेल तर हिरडीच्या आत जंतू साचलेत आणि त्यांचं काम सुरू झालंय, असं समजा. दुखत असूनही जनावर खाणं सोडत नाही. एका बाजूनं चावतं, दाणे न चावता गिळतं, खेळणं तोंडात धरायचं टाळतं. म्हणून ‘खातोय ना व्यवस्थित’ हा दात बरे असल्याचा पुरावा धरू नका.

आधी दातावर काय बसतं ते बघू. खाल्ल्यावर काही तासांतच जंतूंचा मऊ, चिकट थर धरतो. तो ब्रशनं निघतो. दोन-तीन दिवस तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात बसून तो दगडासारखा होतो. हेच किटण. मग ते ब्रशनं निघत नाही. आपल्याला दिसतं ते वरचं पिवळं-तपकिरी किटण, पण नुकसान करतो तो हिरडी आणि दात यांच्या फटीत उतरलेला थर. त्यामुळे आधी हिरडी सुजते, मग दाताला धरून ठेवणारे तंतू तुटतात, मग हाड झिजतं. हिरडीची सूज सफाईनं पूर्ण बरी होते. गेलेलं हाड मात्र सहसा परत येत नाही. दात वाचवायचा असेल तर सूज ते हाड या मधल्या काळातच काय ते करायला हवं.

भूल न देता सफाई का नको

ग्रूमिंग पार्लरमध्ये आणि काही ठिकाणी घरी येऊनही जागेपणी दात खरवडून देतात. कुत्र्याला घट्ट धरतात, हातातल्या अवजारानं बाहेरून दिसणारं किटण उडवतात, दात पांढरे दिसतात. याला सफाई म्हणू नये. जागं जनावर हिरडीखाली अवजार घालू देत नाही, आणि खरा रोग तिथेच आहे. जिभेकडची बाजू राहून जाते. एक्स-रे काढता येत नाही. हातानं खरवडल्यावर पॉलिश झालं नाही, तर दातावर सूक्ष्म चरे राहतात आणि पुढचं किटण आणखी लवकर बसतं. जनावर दचकलं तर धारदार टोक हिरडीत किंवा जिभेत घुसतं. सगळ्यात वाईट म्हणजे वरून पांढरे दिसणारे दात बघून घरचे वर्ष-दोन वर्षं निर्धास्त राहतात. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जागतिक संघटना आणि अमेरिकेतलं पशुदंतवैद्यकांचं महाविद्यालय, दोघांनीही याला स्पष्ट विरोध केला आहे.

तसंच अँटिबायोटिकचं. वास आला की पाच दिवसांच्या गोळ्या, वास जातो, महिन्यानं परत येतो, पुन्हा गोळ्या. किटण जागेवर आहे तोवर जंतू परत येणारच. अशी तीन-चार आवर्तनं होईपर्यंत एखादी दाढ हातची गेलेली असते.

घरी काय बघायचं

चांगल्या उजेडात, तोंड न उघडता, फक्त ओठ वर उचला. हिरडीची दाताला लागलेली कड बघा. गुलाबी आणि धारदार असेल तर ठीक. लाल, फुगीर, हात लावल्यावर रक्त येणारी असेल तर सुरुवात झालीय. ओठाचा कोपरा मागे ओढून वरची सगळ्यात मोठी दाढ बघा. लाळग्रंथीची नळी तिच्याजवळच उघडते, म्हणून किटण तिथे सर्वांत जास्त बसतं. पुढे दिलेल्यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका: डोळ्याच्या खाली गालावर सूज, एकाच नाकपुडीतून स्राव किंवा वारंवार शिंका, दात हलणं, दातावर गुलाबी किंवा काळा ठिपका असलेला तुटका भाग, रक्ताळलेली लाळ. मांजर वाटीपाशी येऊन वास घेतं, एक घास घेतं आणि फिसकारून पळतं, तेव्हा भूक आहे पण तोंड दुखतंय, असा अर्थ घ्यावा.

पिल्लांत दात मोजायला शिका. कुत्र्याचे दुधाचे दात २८ आणि पक्के ४२, मांजराचे २६ आणि ३०. सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात आलेले असतात. पॉमेरेनियन, शिह त्झू, यॉर्की अशा छोट्या जातींत दुधाचा सुळा पडत नाही आणि पक्का सुळा त्याला खेटून येतो. एका जागी दोन सुळे दिसले तर ‘पडेल आपोआप’ म्हणून थांबू नका. त्या चिमटीत केस आणि अन्न अडकतं, पक्का सुळा वाकडा जातो. नसबंदीच्या वेळच्या भुलीतच तो काढून घेणं सोयीचं.

पहिली पूर्ण तपासणी आणि सफाई छोट्या कुत्र्यांत आणि मांजरांत साधारण वर्षाच्या वयाला, मोठ्या जातींत दोन वर्षांच्या आसपास. त्यानंतर किती वेळा, हे तोंड बघून ठरतं. छोट्या जातींना बहुधा दरवर्षी लागते. जबडा लहान, दात मात्र त्या मानानं मोठे आणि दाटीवाटीनं बसलेले, हे त्याचं कारण.

दवाखाना निवडताना

फोनवर हे विचारा. तोंडातला डेंटल एक्स-रे आहे का? श्वासनलिकेत नळी घालून भूल देता का? भुलीत असताना जनावरावर लक्ष ठेवायला दात साफ करणाऱ्याखेरीज दुसरा माणूस असतो का? दात काढावा लागला तर डॉक्टर स्वतः काढतात का? प्रत्येक दाताच्या मापांचा तक्ता भरून देता का? या पाच प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली तर जागा बरी. घराजवळ एक्स-रे नसेल तर मोठ्या शहरांतले खासगी दवाखाने किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, म्हणजे परळ, नागपूर, शिरवळ इथली, आधी फोन करून विचारून घ्यावीत.

खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि त्यात रक्ततपासणी, भूल, एक्स-रे, सफाई, दर दाताचं काढणं, औषधं अशी वेगवेगळी कलमं लिहून घ्या. नेमका आकडा आधी कुणालाच सांगता येत नाही, कारण हिरडीखाली काय आहे ते भूल दिल्यावरच कळतं. म्हणून ‘जास्तीत जास्त किती’ हा आकडा घ्या, आणि त्या दिवशी फोन जवळ ठेवा. डॉक्टर मध्येच फोन करून ‘हे दोन दात काढावे लागतील, काढू का?’ असं विचारतात. फोन लागला नाही तर एकतर काम अर्धवट राहतं किंवा भुलीचा वेळ फुकट वाढतो.

भुलीची तयारी

किमान रक्तपेशींची मोजणी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, साखर. सात-आठ वर्षांच्या पुढे किंवा हृदयात आवाज ऐकू येत असेल तर ईसीजी आणि शक्य तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मांजरांत मोठ्या वयात थायरॉईड आणि रक्तदाब. ‘वय झालंय, भूल सोसणार नाही’ असं घरचे म्हणतात, पण नुसतं वय आड येत नाही, न सापडलेला आजार आड येतो. तपासण्या त्यासाठीच.

निरोगी मोठ्या जनावराला ६ ते ८ तास उपाशी ठेवतात. सकाळी ९ ची वेळ असेल तर रात्री उशिरा हलकं खाणं, मग काही नाही. पाणी सकाळपर्यंत चालू द्या. दोन किलोच्या आतल्या किंवा आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला एक-दोन तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवायचं नाही, त्याची साखर झपाट्यानं घसरते. मधुमेही जनावराचं इन्शुलिन आणि खाणं डॉक्टर सांगतील तसंच. हृदयाच्या किंवा फिटच्या गोळ्या त्या दिवशी द्यायच्या का, हे आदल्या दिवशी विचारा. पग, फ्रेंच बुलडॉग, पर्शियन अशा चपट्या नाकाच्या जनावरांना भुलीतून उठताना श्वासाचा जास्त धोका असतो. त्यांची नळी अगदी शेवटी, पुरती शुद्ध आल्यावर काढतात, आणि त्यांच्यासाठी सकाळची पहिली वेळ घ्यावी.

टेबलावर काय होतं

पायातल्या शिरेत कॅथेटर, मन शांत करणारं आणि वेदना कमी करणारं इंजेक्शन, मग बेशुद्ध करणारं इंजेक्शन, बहुधा प्रोपोफॉल, लगेच श्वासनलिकेत नळी, आणि पुढची भूल आयसोफ्लुरेन या वायूवर. नळीच्या टोकाला हवेनं फुगणारा फुगा, म्हणजे कफ असतो. तो पाणी, रक्त आणि किटणाचे तुकडे फुफ्फुसात जाऊ देत नाही. नळीशिवाय, नुसत्या इंजेक्शनच्या भुलीत पाण्याचा फवारा मारणं धोक्याचं आहे. मांजरात हा कफ जास्त फुगवला, किंवा नळी मशीनपासून न सोडवता कूस बदलली, तर श्वासनलिका फाटू शकते. सफाईनंतर एक-दोन दिवसांत मांजराची मान किंवा छाती फुगलेली लागली आणि कातडीखाली चुरचुरलं तर ताबडतोब दवाखाना गाठा.

सलाईन चालू असतं. ऑक्सिजन, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, रक्तदाब, ईसीजी आणि तापमान सतत बघतात. वरचा रक्तदाब ९० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. तोंडात तासभर गार पाणी पडत असल्यानं छोटी जनावरं झपाट्यानं थंड होतात, म्हणून खाली उबदार गादी हवी आणि अंग कोरडं ठेवायला हवं. मांजराचं तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा पूर्ण ताणून लावू नये. तोंड फार फाकवलं की मेंदूकडे आणि डोळ्यांकडे रक्त नेणारी धमनी दाबली जाते, आणि मांजर उठल्यावर आंधळं झाल्याची उदाहरणं आहेत. मधे सुईची छोटी प्लास्टिक टोपी कापून बसवली तरी पुरते.

काम साधारण या क्रमानं चालतं. आधी ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानं तोंड धुतात. जाड किटण फोर्सेप्सनं हलक्या हातानं तोडतात. मग अल्ट्रासॉनिक स्केलर, म्हणजे कंपनांनी किटण उडवणारं यंत्र. त्याचं टोक दातावर उभं टेकवायचं नाही, बाजू लावायची, पाणी भरपूर, आणि एका दातावर सलग १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. कुत्र्या-मांजराचं इनॅमल १ मि.मी.हूनही पातळ असतं. पाणी कमी पडलं तर दात आतून तापतो आणि त्यातला जिवंत गाभा मरतो. पुढे असा दात गुलाबी, मग राखाडी दिसू लागतो. त्यानंतर हिरडीखालची सफाई, स्केलरच्या बारीक टोकानं किंवा क्युरेट या हातानं खरवडायच्या अवजारानं. सफाईचा अर्थ खरा इथेच आहे, आणि घाई होते तीही इथेच.

आता प्रोब. मि.मी.च्या खुणा असलेली बोथट बारीक सळई. प्रत्येक दाताभोवती चार ते सहा ठिकाणी ती अलगद हिरडीच्या फटीत सरकवतात. निरोगी कुत्र्यात ती ३ मि.मी.पर्यंत जाते, मांजरात १ मि.मी.च्या आत थांबते. डॅशहुंडचं उदाहरण घ्या. वरचा सुळा बाहेरून पांढरा, हिरडी बऱ्यापैकी गुलाबी. त्याच सुळ्याच्या टाळूकडच्या बाजूला प्रोब टेकवला की तो अडखळत नाही, ८-९ मि.मी. आत उतरतो, आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताचा एक थेंब बाहेर येतो. तोंड आणि नाक यांच्यामधला हाडाचा पातळ पडदा गेलेला असतो. घरी महिनोन्‌महिने ‘सर्दी’ म्हणून औषध चाललेलं असतं. जागेपणी हे कुणालाही दिसलं नसतं.

ही मापं तक्त्यात भरतात. दातांना तीन आकडी क्रमांक असतात: पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो, १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. पुढचे दोन आकडे दाताचे. सुळा नेहमी ०४. म्हणजे २०४ हा वरचा डावा सुळा, आणि १०८ ही वरची उजवी मोठी दाढ, जिच्या मुळाशी पू झाला की डोळ्याखाली सूज येते.

तक्त्यासोबत एक्स-रे. दाताचा मोठा भाग हिरडीखाली असतो, तो बघितल्याशिवाय निर्णय घेणं म्हणजे अंदाजानं चाचपडणं. छोटा सेन्सर तोंडात ठेवून सगळ्या दातांचे फोटो घेतात, मांजरात साधारण ६ ते १०, कुत्र्यात त्याहून जास्त. मुळाभोवती काळी कड, झिजलेलं हाड, तुटून राहिलेलं मूळ, न उगवलेला दात हे सगळं इथेच दिसतं. पैसे कुठे वाचवायचे असतील तर इथे वाचवू नका.

पॉलिश मऊ रबरी कपनं, कमी वेगानं, एका दाताला तीन-पाच सेकंद. मग फटीतली पेस्ट धुऊन काढायची.

दात ठेवायचा की काढायचा

फट ५ मि.मी.पर्यंत असेल आणि मूळ घट्ट असेल तर आतून साफ करून दात ठेवता येतो, मात्र घरी ब्रश होणार असेल तरच. त्याहून खोल असेल तर हिरडी उघडून साफ करावं लागतं किंवा दात काढावा लागतो. निम्म्याहून जास्त आधार गेला असेल तर काढणंच बरं. तुटलेल्या दाताचा गाभा उघडा पडला असेल तर दोनच रस्ते: काढणं किंवा रूट कॅनल. ‘त्रास होत नाहीये, बघू’ हा तिसरा रस्ता नाही, जंतू मुळापर्यंत पोचतातच.

मोठा दात ओढून काढत नाहीत. १०८ ला तीन मुळं असतात. आधी नस बधिर करणारं इंजेक्शन, त्याचा असर जाग आल्यावरही काही तास राहतो. मग हिरडीचा पडदा उचलतात, बाहेरचं थोडं हाड ड्रिलनं कमी करतात, दाताचे तीन तुकडे करतात, एकेका मुळाचे तंतू एलिव्हेटर नावाच्या पात्याच्या अवजारानं थकवतात. पातं फटीत घालायचं, किंचित फिरवायचं आणि १० ते ३० सेकंद तसंच धरायचं. जोर लावला की मूळ मोडतं. शेवटी एक्स-रे काढून मूळ पूर्ण निघाल्याची खात्री, टोकदार हाड गुळगुळीत, आणि ताण न देता विरघळणारे टाके. छोट्या कुत्र्यांत खालची मोठी दाढ काढताना जबडा मोडण्याचा खरा धोका असतो, कारण मुळांखाली हाड जेमतेम उरलेलं असतं. मांजरात आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्यात वरच्या मागच्या दाढेवरून अवजार घसरलं तर वर डोळाच आहे. म्हणून हे काम मदतनिसावर सोडायचं नसतं. खूप दात काढायचे असतील आणि भूल तीन तासांपुढे जाणार असेल, तर दोन खेपा करून मध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवणं शहाणपणाचं.

मांजरांचं वेगळं

कित्येक मांजरांचं शरीर स्वतःचाच दात विरघळवू लागतं. हिरडीच्या कडेला लालसर मांस वाढून दातावर चढल्यासारखं दिसतं, बहुधा खालच्या तिसऱ्या उपदाढेवर, म्हणजे ३०७ किंवा ४०७ वर. याला भरणी करून उपयोग नाही, दात काढावाच लागतो. मूळ हाडात पुरतं विरघळलेलं असेल तर फक्त वरचा भाग कापून हिरडी शिवता येते, पण तो निर्णय एक्स-रेवरच व्हायला हवा. मूळ शाबूत असताना नुसतं वरचं कापलं तर दुखणं आत तसंच कोंडलं जातं.

दुसरं म्हणजे अख्खं तोंड आणि घशाकडचा भाग लालभडक होणं. रस्त्यावरून आणलेल्या मांजरांत हे दिसतं. एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणाऱ्या विषाणूंची तपासणी करून घ्या. स्टिरॉइडनं आधी फार बरं वाटतं, पुढे त्याचा गुण कमी होत जातो. सगळ्या दाढा, कधी सगळेच दात काढल्यावर बहुतेक मांजरं लक्षणीय सुधारतात, काहींना पुढेही औषध लागतं. ‘दातांशिवाय खाईल काय?’ ही भीती खरी आहे, पण अशी मांजरं ओलं खाणं तर खातातच, कित्येक दाणेही गिळतात.

घरी आणल्यावर

पहिली रात्र उबदार, शांत खोलीत, उंचावर चढू न देता. शुद्ध पूर्ण आल्यावर थोडं मऊ खाणं, नेहमीच्या निम्मं. दात काढले असतील तर १० ते १४ दिवस मऊच: दाणे कोमट पाण्यात भिजवून, किंवा उकडलेलं चिकन बारीक करून भातात कालवून, कांदा-लसूण-मीठ न घालता. चेंडू, दोरी, चघळायच्या वस्तू बंद. लाळेत गुलाबी झाक पहिले एक-दोन दिवस चालेल. थेंब-थेंब ताजं रक्त, वाढती सूज, २४ तासांत काहीच न खाणं, यासाठी फोन करा. वेदनेचं औषध डॉक्टरांनी दिलेलंच आणि वजनाप्रमाणे. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते, आणि आपल्या कपाटातलं आयबुप्रोफेन दोघांनाही देऊ नका.

१० ते १४ दिवसांनी टाके दाखवा, आणि डॉक्टर हो म्हणाले की ब्रश सुरू करा. पहिले तीन-चार दिवस बोटाला चिकनचं पाणी लावून फक्त ओठाखाली फिरवायचं. मग बोटाला गुंडाळलेलं कापड, मग मऊ लहान ब्रश, कडेनं ४५ अंशात हिरडीकडे कलता, फक्त बाहेरची बाजू, एका बाजूला अर्धा मिनिट. रोज. एक दिवसाआड केलं तरी मधल्या वेळात किटण बांधायला लागतं. माणसांची टूथपेस्ट नको: फ्लोराइड आणि फेस पोटात जातो, आणि काहींत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो, ज्यानं कुत्र्याची साखर कोसळते.

चघळायला देताना नखानं दाबून बघा. खूण उमटत नसेल तर ती वस्तू दातांसाठी फार कठीण. मटणवाल्याकडची नळी, शिंग, चुर्पीचे (वाळवलेल्या हिमालयी चीजचे) कडक तुकडे, बर्फाचे खडे यांनीच १०८ आणि २०८ चे पापुद्रे उडतात.

निघताना तक्त्याची प्रत आणि एक्स-रेचे फोटो मागून घ्या आणि लसीकरणाच्या वहीत ठेवा. सहा महिन्यांनी हिरडी दाखवायला जाताना ती वही सोबत न्या. पुढच्या भुलीत प्रोब घातला जाईल, तेव्हा ३०९ पाशी, म्हणजे खालच्या डाव्या मोठ्या दाढेपाशी, ४ मि.मी. होतं ते तेवढंच राहिलं की ६ झालं, हे त्याच पानावर ताडून बघता येईल.